गटातली गोष्ट वेशीबाहेर गेली, तेव्हा

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून):

बेळगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं आहे. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या पतीची त्यांनी काही वर्षं सेवा केली. ते गेल्यावर, त्या काळात आपलं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं हे आठवून, त्यांनी गेल्या दिवाळीनंतर गावात घरचं आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा गट सुरू केला. दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बसायचं ठरलं. पहिल्या बैठकीला चौदा जण आले, वर्तमानपत्रात नावांसकट फोटो आला. शिमग्यापर्यंत सहा जण उरले. एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते प्रत्येकाला काढे सांगतात आणि थांबत नाहीत. कन्नड बोलणारी एक सून येते, पण गप्प बसते. गावातले एक पुढारी हॉल, खुर्च्या आणि चहाची सोय करायला तयार आहेत, दारावर त्यांचा फलक लावायचा एवढीच अट. 'मध्यंतरी एका सुनेचं बोलणं बाहेर गेल्यानं थोडा गैरसमज झाला,' असंही त्या लिहितात. सासूबाईंबद्दल 'कधी कधी वाटतं, देवानं आता यांना सोडवावं' असं ती गटात बोलली आणि आठवड्याभरात ते निपाणीला नणंदेच्या कानावर गेलं. ती सून आता येत नाही. बाईंचे प्रश्न असे: संख्या कशी वाढवू? डॉक्टरांची व्याख्यानं ठेवू का? गटाची नोंदणी करू का? की 'मला यातलं शास्त्र येत नाही' हे मान्य करून बंदच करू?

ताई,

तुमचं पत्र पाच पानांचं आहे. चौदाचे सहा झाले हे पहिल्याच ओळीत आलंय आणि पुढेही तीनदा आलंय. निपाणीच्या नणंदेचा विषय मात्र चौथ्या पानावर दीड ओळीत उरकलाय, तोही 'थोडा गैरसमज' म्हणून. मी उत्तराला तिथूनच सुरुवात करते. तुमच्या बाकीच्या निम्म्या प्रश्नांची मुळं मला तिथंच दिसतात.

त्या सुनेचं वाक्य तुमच्या गटात आजवर बोललं गेलेलं सर्वांत खरं वाक्य असावं. ज्यांनी वर्षानुवर्षं कुणाचं हगणंमुतणं काढलंय, रात्री तीनदा उठून कूस बदलून दिलीय, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात ते कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. माया आटली म्हणून ते येत नाही. बऱ्याचदा माया असते आणि अंगात त्राण उरलेलं नसतं. तुमच्याही मनात आलं असेल. तुम्ही लिहिलं नाहीत, लिहायची गरजही नाही. हे कुठंतरी मोठ्यानं बोलता यावं यासाठीच तर असा गट लागतो. ती बोलली, आणि तिला त्याची किंमत घरी मोजावी लागली. बाकीच्यांनी ते पाहिलं. गावात अशी गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. 'लोकांना गरज वाटत नाही' हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही तो यामुळे. गरज आहे तेवढीच आहे, भरवसा गेलाय.

तेव्हा बैठक बोलवायच्या आधी तिला भेटा. तिच्या घरी जाऊ नका, तिथं भिंतींना कान आहेत आणि सासूबाई जाग्या असतात. बाजाराला येते त्या दिवशी, दवाखान्यात औषधं आणायला जाते तिथं, ती म्हणेल तिथं. 'मी बोलावलेल्या बैठकीत हे घडलं, त्याचा त्रास तुला झाला, मला वाईट वाटतं,' एवढं सांगा आणि थांबा. कुणी सांगितलं असेल यावर तिच्यापुढं तर्क लढवू नका. तुमच्याकडून तिला काय हवंय ते विचारा. कदाचित तुम्ही नणंदेशी दोन शब्द बोलावेत असं तिला वाटेल. कदाचित कुणीच काही बोलू नये असं वाटेल. ती म्हणेल तसं करा. ती परत येईलच असं धरून चालू नका, आणि 'ये गं, सगळे तुझी वाट बघतात' असा आग्रहही नको.

तुम्ही लिहिता की हे कुणी केलं याची तुम्हाला 'जवळजवळ खात्री' आहे आणि त्या व्यक्तीला गटातून काढावं का, असं विचारता. जवळजवळ खात्रीवर मी तरी कुणाला काढणार नाही. अशा गोष्टी पुष्कळदा दुष्टाव्यानं जातच नाहीत. रात्री जेवताना बाई नवऱ्याला म्हणते, 'अवो, बिचारीचे काय हाल आहेत,' नवरा सकाळी कट्ट्यावर बोलतो, आणि निपाणी काही लांब नाही. चौकशी लावलीत तर गटाचं न्यायालय होईल आणि उरलेले सहाही जातील. पुढच्या बैठकीत कुणाचं नाव न घेता सरळ सांगा: इथली गोष्ट बाहेर गेली, एकीला त्रास झाला, हे पुन्हा होता कामा नये. मग नियम सांगा. तुमच्या पत्रात एकाही नियमाचा उल्लेख नाही. पहिल्या दिवशी तो सांगितला गेला नसेल, तर ज्या कुणी ते बाहेर नेलं त्या व्यक्तीला आपण काही मोडतोय हे कळलंही नसेल.

नियम दर बैठकीच्या सुरुवातीला मोठ्यानं म्हणायचा. कंटाळा आला तरी म्हणायचा. शब्द साधे ठेवा: 'इथं शिकलेलं घरी न्या. कुणाकडून शिकलात ते इथंच ठेवा. स्वतःचं कुठंही सांगा, दुसऱ्याचं कुठंही सांगू नका, नवऱ्यालाही नाही.' ते शेवटचे दोन शब्द गाळू नका.

याला एक अपवाद आहे आणि तोही त्याच दमात, आधीच सांगायचा. कुणाच्या जिवाला धोका असेल, बोलणाऱ्याच्या किंवा घरच्या आजारी माणसाच्या, तर संयोजक गप्प बसणार नाही. 'देवानं यांना सोडवावं' हे दमलेल्या माणसाचं बोलणं आहे. 'मलाच आता जगायचं नाही' हे वेगळं आहे. 'परवा हात उचलला गेला, नंतर रात्रभर रडले' आणि 'रोज मारल्याशिवाय ऐकतच नाहीत' यांतही फरक आहे, आणि तुम्ही वर्गात मुलं सांभाळलेली बाई आहात, तो तुम्हाला कळेल. शंका आली की बैठक संपल्यावर त्या व्यक्तीला एकटीला थांबवा आणि सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची मानसिक आधाराची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, मोफत, कन्नड आणि मराठीतही. वृद्धांवर अत्याचार किंवा हेळसांडीसाठी एल्डर लाइन १४५६७. जिवाशी गाठ असेल तर ११२. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावहून दोनेक तासांत पोचता येतं. हे आकडे एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. आणि कुणाचा जीव खरोखर धोक्यात वाटला तर फोन लावून देईपर्यंत, घरचं विश्वासाचं माणूस येईपर्यंत तिथून हलू नका. त्यापुढची जबाबदारी तुमची एकटीची नाही.

आता 'मला यातलं शास्त्र येत नाही' याबद्दल. हो, येत नाही, आणि गटाला ते तुमच्याकडून नकोही आहे. उपचार करणाऱ्यांचा गट वेगळा, एकमेकांना आधार देणाऱ्यांचा वेगळा. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक भेटले, दोघेही दारूपायी बुडालेले. त्यांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यातला एक डॉक्टर होता खरा, पण त्याच्या डॉक्टरकीमुळे दुसऱ्याची दारू सुटली नाही. आपल्यासारखंच भोगलेलं माणूस समोर बसून खरं बोलतंय, हे उपयोगी पडलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, तोही याच धाग्यावर. आजारी माणसाभोवती सगळे असतात, त्याला सांभाळणारीला कोण विचारतं?

म्हणून डॉक्टरांची व्याख्याने नेहमीच्या बैठकीत नकोत. बाहेरचा तज्ज्ञ आला की आपले लोक शाळेतल्या मुलांसारखे हात बांधून बसतात आणि शेवटी आपापल्या रिपोर्टची फाइल पुढं करतात. तीन-चार महिन्यांतून एकदा वेगळ्या दिवशी ठेवा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं, हे परिचारिकेनं किंवा फिजिओथेरपिस्टनं हातानं करून दाखवलं तर व्याख्यानापेक्षा फायदा जास्त.

मग तुमचं काम काय? वेळेवर सुरू करणं, वेळेवर संपवणं, प्रत्येकाला बोलायची जागा मिळतेय हे बघणं, आणि उत्तर देण्याचा मोह आवरणं. शेवटचं शिक्षकांना सर्वांत जड जातं. कुणी बोलून थांबलं आणि खोली शांत झाली तर लगेच भरू नका. मनात सावकाश दहापर्यंत मोजा, बहुधा सातला दुसरं कुणीतरी बोलतं. कुणी रडलं तर लगेच पाण्याचा तांब्या आणि 'रडू नका हो' घेऊन धावू नका. आपल्याकडं रडणाऱ्याला गप्प करणं म्हणजे आधार देणं असा एक समज आहे, आणि घरोघरी या बायकांना तेच मिळतंय.

सुरुवातीला एक फेरी ठेवा, प्रत्येकाला तीन-चार मिनिटं, 'गेल्या पंधरा दिवसांत काय जड गेलं' एवढंच. 'आज नको' म्हणायची मोकळीक प्रत्येकाला. फेरीत मधे कुणी बोलायचं नाही. नंतर ज्याला गरज आहे त्याच्यासाठी उरलेला वेळ. तुम्हीही तुमच्या पाळीला बोला. पत्रभर तुम्ही त्या सगळ्यांविषयी लिहिलंय, पण तुमचे पती जाऊनही फार काळ झालेला नाही. तुम्ही फक्त चालक म्हणून बसलात तर बाकीचे रुग्ण होऊन बसतील.

तात्या. प्रत्येक गटात एक तात्या असतात, कधी काकू असतात. त्यांच्या काढ्यांमागं बहुतेक वेळा स्वतःचं न बोललेलं दुःख असतं. तुम्ही लिहिलंय की त्यांची पत्नी त्यांना ओळखत नाही. काढ्याबद्दल ते तासभर बोलतात, याबद्दल कधी बोललेत का? त्यांना समोर न बसवता तुमच्या शेजारी बसवा. नजरेला नजर कमी मिळते आणि हळूच हातावर हात ठेवून थांबवता येतं. नियमांत एक भर घाला: विचारल्याशिवाय सल्ला नाही. आणि ते घसरले की, 'तात्या, काढा राहू दे, वैनी कशा आहेत ते सांगा.' एवढं करूनही थांबले नाहीत तर बैठकीबाहेर स्पष्ट बोला. चारचौघांत त्यांचा मान काढू नका.

ती कन्नड बोलणारी सून. आपल्या भागात भाषेचा विषय निघाला की माणसं ताठ होतात, म्हणून तुम्ही तो टाळताय असं वाटतं. पण ती गप्प आहे म्हणजे भाषेमुळेच, हेही तुम्ही धरून चाललाय. ती नवी असेल, लाजत असेल, त्या सुनेचं जे झालं ते बघून सावध असेल. तिला बाजूला घेऊन विचारा. भाषेचंच कारण असेल तर 'कन्नडदाग हेळ्री अक्का, नमग तिळीतैति' (कन्नडमध्ये सांगा अक्का, आम्हाला कळतं) एवढं म्हणायला तुमच्या गावात कुणाला अडचण यावी? ज्याला कळलं नाही त्याला शेजारच्यानं एका वाक्यात सांगावं, ओळीओळीचा अनुवाद नको, त्यात बोलणाऱ्याचं मन उडतं. एक सावधगिरी: वृद्धांच्या संध्या सुरक्षा पेन्शनचे आणि अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचे कागद कन्नडमधून भरायचे असले की सगळे तिच्याकडं वळतील. आनंदानं करेल ती, पण मग ती गटाची कारकून होईल आणि तिचं स्वतःचं तसंच राहील. ते काम बैठकीच्या वेळेत नको.

संख्येकडं आता येते. नव्वद मिनिटं चौदा जणांत वाटली तर प्रत्येकी जेमतेम सहा मिनिटं, तीही तात्या थांबले तर. सहा जणांत पंधरा. बोलायच्या गटाला सहा ते दहा माणसं भरपूर होतात. तुम्ही चौदाच्या फोटोला यश धरलंत आणि तिथून पुढं सगळी उतरण वाटायला लागली. त्या फोटोनं 'सगळ्यांना आनंद झाला' असं तुम्ही लिहिता, मला शंका आहे. सासूला सांभाळायला जड जातंय म्हणून बैठकीला गेलेल्या सुनेचं नाव पेपरात आलं की त्या घरात काय झालं असेल? यापुढं फोटो नको, स्टेटस नको. व्हॉट्सअॅप गट फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता.

जागेचंही तसंच. देवळाच्या सभामंडपात दर पाच मिनिटाला कुणी दर्शनाला येतं, घंटा वाजवतं, थबकून ऐकतं. तिथं सासूबद्दल कोण बोलणार? तुमच्या शाळेची एक खोली रविवारी मागा, मुख्याध्यापक तुमचेच विद्यार्थी असतील. कुणाच्या घरी मात्र नको. घरी घेतलं की आज चहा, पुढच्या वेळी उपीट, त्याच्या पुढच्या वेळी कुंदा, आणि जिची परिस्थिती नाही ती यायची बंद होते.

काही जण तर साध्या कारणानं गळले असतील. दिवाळीनंतर भाताची सुगी असते, माणूस शेतातून हलत नाही. पुढं यात्रा आहेत, मग लावणी. आणि मुख्य म्हणजे, ही बाई दीड तास बाहेर आली तर घरी आजारी माणसाजवळ कोण बसणार? हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठंच नाही. लावणीला आपण पैरा करतो, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. तसाच पैरा इथं लावा. ज्यांना बोलायचं नाही पण मदत करायची आहे असे दोघे-तिघे गावात असतीलच, त्यांनाही यात घ्या. फक्त आजारी माणसाला आधी त्यांची ओळख करून द्या, विशेषतः विसरण्याचा आजार असेल तर. पंधरवड्यातल्या एका बैठकीपेक्षा हा पैरा काही घरांना जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

पुढारी साहेबांचा हॉल नम्रपणे नाकारा. ते मनानं चांगले असतील. पण आपल्याकडं प्रत्येक हॉल कुणाचा तरी असतो, त्यावरच्या फलकाची भाषासुद्धा बातमी होते, आणि दारावर एका पक्षाचं नाव लागलं की दुसऱ्या पक्षाच्या घरची सून तिथं पाऊल टाकणार नाही. ती कन्नड सून तर नाहीच. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसनं १९५० मध्ये ज्या बारा परंपरा स्वीकारल्या त्यांत बाहेरचा पैसा घ्यायचा नाही आणि संस्थेचं नाव बाहेरच्या कुणाला वापरू द्यायचं नाही, हे स्पष्ट आहे. तुमचा खर्च आहेच किती? चटई शाळेची, पाणी घरचं. साहेबांना खरंच काही करायचं असेल तर गावासाठी एक एअर बेड आणि एक चाकाची खुर्ची घेऊन ग्रामपंचायतीत ठेवा म्हणावं, लागेल त्यानं न्यावी. त्यावर हवं तेवढं मोठं नाव घाला.

पुढच्या सहा बैठका याच सहा जणांत करा. त्या सुनेसाठी दार उघडं ठेवा, नवं कुणी मधे घेऊ नका. सहा झाल्या की सगळ्यांनी मिळून ठरवा: पुढं चालवायचं का, नवे घ्यायचे का, चालवायची पाळी कुणाची. पाळी फिरती ठेवलीत तर तुम्हाला ताप आला म्हणून बैठक बुडणार नाही. आणि तेव्हा गटानं 'आता पुरे' म्हटलं तर तेही चालेल. आजाराची पाळी संपली की माणसं पांगतात, असे गट कायमचे टिकलेच पाहिजेत असं नाही.

राहिली नोंदणी. आपल्याकडं चार माणसं जमली की समिती होते आणि पाचव्याला अध्यक्ष व्हायचं असतं, त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण नोंदणी म्हणजे घटना, पदाधिकारी, वर्षाचा हिशेब, सभासदांच्या नावांची वही. यातलं शेवटचं तर तुम्हाला मुळीच नकोय. शिवाय कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. तुम्ही सहा आहात.